पर्स

परवा बाजारातून येताना सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी आणि माझी सहा वर्षांची सई, दोघीच होतो. दार बंद होता होता आमच्या वरच्या मजल्यावरचा तरुण आत आला. आफ्रिकेतून इथे शिकायला आलेला आहे तो. हसून "नमस्कार" म्हणाला. तेवढ्यात सईने माझ्या हातातली पर्स काढून घेतली, पोटाशी घट्ट धरली आणि ती कोपऱ्यात सरकली. त्याने ते पाहिलं. मग तो दाराकडे तोंड करून उभा राहिला.

घरात शिरताच मी विचारलं, "सई, असं का केलंस?"

"तो दादा आला की तूच पर्स अशी धरतेस ना."

शाबासकी मिळेल, अशा चेहऱ्याने ती माझ्याकडे बघत होती. कुणाच्या रंगावरून मी तिच्यासमोर कधी वावगं बोलले नव्हते. सगळी माणसं सारखीच असतात, हे तर तिला घास भरवताना सांगत आले. पण मुलं आपले हातही बघत असतात, आणि माझा हात इतके दिवस भलतंच काही शिकवत होता.

मी तिच्यासमोर खाली बसले. "माझं चुकत होतं, सई. मी उगाच त्याला घाबरायचे."

"का?"

"तो काळा आहे म्हणून."

सईने आपला सावळा हात माझ्या गोऱ्या हाताशेजारी ठेवला आणि बघत राहिली.