साडूंचा समुद्र

पृथ्वीच्या पाठीवर कुठेही चूक घडावी आणि ती आमच्या साडूंच्या नजरेतून सुटावी, हे होणे नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते. दिवसभर लोकांचा माल नापास करून त्यांचं पोट भरत नसे, म्हणून संध्याकाळी घरी येऊन ते माणसं नापास करायला बसत. त्यात त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती आली. शेजारी आले, दूधवाला आला आणि बदलापूरहून सणावाराला जाणारा मीही आलो. चहा सांडला, लग्नातला मठ्ठा आंबट निघाला, कुणाचा पोरगा बारावीला आपटला, की साडूंचा प्रश्न तयार: "ते झालं वरवरचं. मूळ कारण काय?" आमच्या ओळखीचे एक गृहस्थ हार्ट अटॅकने गेले. भेटायला गेलो तर साडूंनी हाच प्रश्न त्यांच्या बायकोला विचारला, तिच्या डोळ्यांचं पाणी खळायच्या आत! बाईंनी हुंदका गिळून माझ्याकडे पाहिलं, मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. बरं, मूळ कारण सापडलं की प्रकरण मिटावं ना? छे! ज्याची चूक त्याच्या तोंडावर, चारचौघांत, ती सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. "माणसाला स्वतःची चूक कळली नाही तर शोधून काय उपयोग?" हे त्यांचं तत्त्व, आणि या तत्त्वापायी त्यांच्याकडे जेवायला जाणारे नातेवाईक हळूहळू कमी होत गेले.

असा हा माणूस दोन हजार सालानंतर कधीतरी कुठल्याशा मोठ्या हॉटेलात कंपनीच्या मीटिंगला गेला आणि तिथे त्याने खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली. आत जिवंत प्रवाळ, त्यात भगवे-पांढरे पट्टेवाले मासे. दुसरा कुणी असता तर "वा!" म्हणून सूप प्यायला असता. साडूंनी मॅनेजरला बोलावून टाकीतल्या चुका सांगितल्या, आणि घरी येऊन जाहीर केलं की आता हॉलमध्ये समुद्र आणायचा. अंबरनाथला! जिथे नळाचं पाणी येतं कधी आणि जातं कधी याच्यावर बायकांची आयुष्यं बेतलेली, तिथे हे समुद्र आणणार. ताई म्हणाली, "आधी बाथरूमचा नळ गळतोय तो बघा." तर म्हणाले, "तो छोटा विषय आहे."

नियोजन तीन वर्षं चाललं. एवढ्यात लोकांची घरं बांधून, वास्तुशांत होऊन, वर भाऊबंदकीही सुरू होते. दर रविवारी साडू उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका सायबर कॅफेत जाऊन बसत. आजूबाजूला जीन्सच्या कारखान्यांतली पोरं गाड्या पळवण्याचे गेम खेळतायत, आणि मधे हे चष्मा कपाळावर चढवून अमेरिकेतल्या माणसांशी क्षारांवर वाद घालतायत. तिथून पुढे त्यांची स्वारी माशांच्या दुकानात. दुकानदार सिंधी, स्वभावाने मोठा गोड. तो पहिल्या दिवसापासून हात जोडून सांगत होता, "साईं, मेरी बात मानो, मीठा पानी रखो, गोल्डफिश रखो. आप भी सुखी, भाभी भी सुखी." साडूंनी त्यालाच तासभर समजावलं की गोल्डफिश तो चुकीच्या पद्धतीने ठेवतोय. प्रवाळ आपल्या किनाऱ्यावरून तोडलेलं नको, तो गुन्हा आहे, बाहेरून रीतसर आलेलंच हवं आणि त्याचे कागद दाखव, असाही हट्ट. कागद येईपर्यंत बिचाऱ्याने साडूंना इतका चहा पाजला की तेवढ्यात चार गोल्डफिश आल्या असत्या.

टाकीसाठी लोखंडी अँगलचं स्टँड केलं, तेव्हा साडूंनी आम्हा सगळ्या सासुरवाडीला पुरणपोळीचं जेवण सांगितलं. इतक्या प्रेमाचं आमंत्रण त्या घरातून पूर्वी कधी आलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पोळ्या हाणून आम्ही सुपारी कातरतोय तोच हुकूम सुटला, "चला, सगळे स्टँडवर चढा." कशाला? तर वजनाची चाचणी! भरलेल्या टाकीएवढं वजन व्हायला हवं म्हणून वर तांदळाची पोती, पोत्यांवर आम्ही. मला मधोमध उभं केलं. "साडूसाहेब, तुमचा यात मोठा वाटा आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी स्लॅबच्या काळजीने धावत आले, तर त्यांनाही हाताला धरून वर चढवलं. आणि आम्ही असे एकमेकांच्या खांद्याला धरून उभे असताना या गृहस्थाने व्याख्यान सुरू केलं: हात धुतल्याशिवाय टाकीला शिवायचं नाही, उदबत्ती नाही, मच्छरची कॉइल नाही, आणि मुख्य म्हणजे तांबं नाही. "प्रवाळाला तांबं म्हणजे विष! मासा एकवेळ तगेल, प्रवाळ मरणार. तांब्याची एक चीजवस्तू या टाकीच्या आसपास दिसता कामा नये." ताईचा तांब्याचा हंडा त्याच दिवशी माळ्यावर गेला.

हे सगळं ज्यांनी ऐकलं नाही अशा एकच त्या घरात होत्या, आमच्या सासूबाई. त्या आत मागच्या पंगतीच्या पोळ्या लाटत होत्या. सासरे गेल्यावर चामटोली गावातलं घर बंद करून त्या ताईकडे राहायला आल्या होत्या. गुडघे धरलेले, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर एकदा चढल्या त्या चढल्याच. त्यांचं माहेर अलिबागच्या अंगाला, अगदी समुद्राच्या काठचं. लग्न होऊन डोंगराकडे आल्या आणि भातशेतीत जन्म गेला. आईवडील गेल्यावर तिकडे जाणंच राहिलं. जगात साडूंनी नापास न केलेलं माणूस बहुधा त्या एकच. का कोण जाणे, त्यांच्यासमोर साडूंचा आवाज खाली यायचा.

खिडकीचं ग्रिल कापून, दोर लावून टाकी वर चढली. खाली अर्धी गल्ली जमली होती. काहींना वाटलं फ्रीज आहे, एक आजी नमस्कार करून गेल्या. बाथरूममध्ये मीठ कालवायची पिंपं आली आणि घरातल्यांनी उभ्या उभ्या आंघोळ करायला सुरुवात केली. मग लोडशेडिंग! त्या वर्षांत आमच्याकडे लाईट असणं ही बातमी होती. साडूंनी इन्व्हर्टर घेतला, पण तो टाकीपुरता. भर मे महिन्यात पाहुणे पुठ्ठ्याने वारा घेतायत आणि माशांच्या डोक्यावर टेबलफॅन! फ्रीजरमध्ये बर्फाच्या बाटल्या, समुद्राला ताप चढू नये म्हणून. मी थंड पाणी मागितलं तर म्हणाले, "माठातलं घ्या. ते पाणी प्रवाळांचं आहे." ताई मला म्हणाली, "पुढच्या जन्मी मासा होऊनच या घरात येते."

पण खोटं कशाला बोलू, समुद्र झाला झकास. निळ्या उजेडात प्रवाळाची बोटं उघडमीट करायची, एक तर चक्क नवा फाटा फुटून वाढलं. त्या फाट्याचे फोटो साडूंनी नातवंडाच्या बारशाच्या पेढ्यांसारखे वाटले. बोलताना पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या गोष्टीत चूक काढली नाही. आणि सासूबाई! सकाळी साडू कामावर गेले की त्या टाकीशेजारी स्टूल घेऊन बसायच्या ते जेवणापर्यंत. "माज्या बापाच्या दारात असाच यायचा हो दर्या," मला म्हणाल्या, "फकस्त हा आवाज करीत नाय." मी म्हटलं, "आई, या घरात आवाज करायला दुसरे आहेत." त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

नारळी पौर्णिमा होऊन गेली आणि समुद्राला दृष्ट लागली. आधी टाकीतल्या गोगलगायी मेल्या, मग कोळंब्या. मग प्रवाळाची बोटं मिटली ती उघडेनात. मासे मात्र मजेत. साडूंनी पाणी बदललं, मीठ बदललं, जेवण सोडलं. कॅम्प तीनच्या दुकानदाराने तपासायची बाटली दिली. पाण्यात थेंब टाकले तर रंग फिरला. तांबं! झालं, घराचं पोलीस ठाणं झालं. नळ खोलले, पंप खोलले, ताईच्या देव्हाऱ्यातलं तांब्याचं ताम्हन जप्त. आणि मग साडूंची नजर पडली माझ्या बोटावर. पत्रिकेतला सूर्य सुधारावा म्हणून बायकोने मला तांब्याची अंगठी घालायला लावली होती. टाकीत हात मी आयुष्यात एकदाच घातला होता, तोही यांनीच खडक धरायला लावला म्हणून. "मूळ कारण सापडलं," साडू चारचौघांत म्हणाले, "तुमचा सूर्य." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी चहा अर्धा टाकून उठलो आणि त्या घराची पायरी चढायची नाही म्हणून कानाला खडा लावला.

तो खडा काढायला लावला ताईने. काही महिन्यांनी तिचा फोन आला, "प्रवाळ सगळं गेलं रे. हे टाकी उपसणार आहेत, एकट्याने जमायचं नाही. बोलत नाहीत कुणाशी." गेलो. साडू दाढी वाढवून बसले होते. माफीबिफी काही नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहून "अंगठी काढा" म्हणाले. मी काढली. सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या, ताई आत स्वयंपाकात होती. आम्ही पाणी उपसलं, पांढरे पडलेले खडक एकेक करून बाहेर काढले. मागच्या कोपऱ्यातला मोठा खडक मी उचलून धरला आणि साडूंनी खालच्या वाळूत हात घातला. हात वर आला तेव्हा मुठीत हिरवीगार झालेली नाणी होती. जुने, तांब्याचे, भोकाचे पैसे. असा पैसा त्या घरात एकाच बटव्यात होता, आणि तो बटवा सासूबाईंच्या कमरेला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! दर पुनवेला, साडू कामावर गेले की, माउली झाकणातल्या वायरींच्या फटीतून दर्याला एकेक पैसा वाहत होती. माहेरचा रिवाज, दर्याला रिकाम्या हाताने भेटायचं नाही. मी खडक हळूच खाली ठेवला. म्हटलं, आता सुटणार ही तोफ. तीन वर्षांचं नियोजन, उपाशी काढलेले दिवस, माझी झालेली शोभा, सगळ्याचं मूळ कारण त्यांच्या ओल्या मुठीत होतं आणि ज्यांची चूक त्या दोन हातांवर बसल्या होत्या.

"जावयबापू," सासूबाईंनीच विचारलं, "काय झालं हो ह्याला? माजं काय चुकलं का? मी तर काय कमी नाय केलं त्याचं, दर पुनवेला पैसा वाह्यला."

साडूंनी मूठ पँटच्या खिशात घातली. खिसा भिजला. "तुमचं कसं चुकेल, आई?" म्हणाले, "लाईट जाते ना सारखी. लोडशेडिंग. दुसरं काही नाही."

या माणसाने कारण माहीत असून खोटं सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. "हो ना, सगळीकडे तेच चाललंय," मीही म्हटलं. सासूबाईंनी लाईटवाल्यांना दोन शिव्या हासडल्या आणि त्यांचं समाधान झालं. घरी जाताना जिन्यात साडूंनी मला गाठलं. वाटलं, आता तरी अंगठीबद्दल काही बोलतील. म्हणाले, "तुमच्या ताईला कळता कामा नये. ती बोलून जाईल." बस, एवढंच. अंगठीचं राहिलंच.

टाकी पुन्हा भरली ती नुसत्या माशांसाठी. प्रवाळ परत आणलं नाही. का, म्हणून कुणी विचारलं की साडू म्हणत, "हौस फिटली." पुनवेच्या दिवशी मात्र ते कामावर उशिरा जायचे. नवा स्टीलचा रुपया धुऊन पुसून सासूबाईंच्या हातावर ठेवायचे. "आई, जुनी नाणी आता चालत नाहीत हो. दर्यालाही नाही. हा टाका." त्या टाकायच्या, हात जोडायच्या. संध्याकाळी त्या हरिपाठाला बसल्या की साडू लांब चिमट्याने तो रुपया हळूच काढून पुढच्या पुनवेसाठी ठेवून द्यायचे. ताईला वाटायचं, नवरा आता देवधर्माला लागला.

सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "काय झालं होतं हो?" साडू नुसते "वय झालं होतं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मासे दुकानदाराकडे परत गेले. पुढच्या नारळी पौर्णिमेला साडूंचा मला फोन: "चला, अलिबागकडे जायचंय." कशाला, ते सांगितलं नाही. एसटी बदलत बदलत सासूबाईंच्या माहेरच्या किनाऱ्यावर पोचलो. कोळी मंडळी नारळ सोडून परतत होती. साडूंनी खिशातून कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी काढली. आत ते हिरवे पैसे. पँट न दुमडता ते गुडघाभर पाण्यात गेले आणि एकेक पैसा लांब फेकला.

माझ्या जिभेवर जुनी खोडी आलीच. म्हटलं, "साडूसाहेब, तांबं टाकताय. प्रवाळ मरेल ना इथलं."

ते वळले नाहीत. "खऱ्या समुद्राला चालतं हो," म्हणाले, "माझाच लहान पडला."

समुद्र आवाज करत होता.