पुढच्या सीटवरचा गणपती

माझ्या बायकोच्या मामांइतकी वाईट गाडी चालवणारा माणूस रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतकी चांगली चालवणाराही नसेल. हमरापूरला त्यांचा गणपतींचा कारखाना आहे आणि दारात एक जुनी व्हॅन. गाडीत मूर्ती नसली की मामा पेणहून रोह्याला असे सुटतात की एकदा माझं पोट वडखळ नाक्यावरच राहिलं होतं. मूर्ती असली की तीच व्हॅन बाळंतिणीसारखी जपून निघते. मूर्ती पुढच्या सीटवर, पट्टा लावून. माणसं मागे, कशीही. हॉर्न वाजवायचा नाही, देव दचकतो. प्रत्येक गतिरोधकापाशी उतरून आधी त्याची उंची बघायची. एकदा पोयनाडला एका लग्नाची वरात मागून आली आणि नाचत नाचत आमच्या पुढे निघून गेली. मी चुळबुळलो तर म्हणाले, "जावयबापू, त्यांना मुहूर्त हाय. ह्याला नाय."

माझी आई जालन्याची. सत्तरी उलटली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता, कारण गाडीत बसली की दहा मिनिटांत तिला उलट्या व्हायच्या. "एकदा अलिबाग बघायचंय," ती म्हणाली आणि लगेच पुढे, "पण माझ्यापायी खोळंबा नको कुणाचा." रेल्वेचा तिला त्रास नाही, म्हणून पेणपर्यंत आणली. मामांना फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी मी धास्तावलेलाच होतो.

व्हॅनच्या पुढच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली मूर्ती होती. "कच्ची हाय, विहीणबाई. रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावात लेकीकडं रंगवायला न्यायचीय. उशीर होईल, चालंल ना?"

"देवासाठी उशीर झाला तर काय बिघडलं?" आई म्हणाली. तिचा चेहराच सैलावला.

अलिबागला पोहोचायला तीन तास लागले. मिठागरं, बगळे, आईने सगळं खिडकीतून पाहिलं आणि एकदाही पिशवी मागितली नाही. भरती आली होती, त्यामुळे किल्ल्यात जाता आलं नाही. पण पाण्यात उभा किल्ला बघत, लुगडं वर धरून, आई घोटाभर समुद्रात कितीतरी वेळ हसत उभी होती. मामा गाडीतच बसले, मूर्तीला सोबत म्हणून.

रेवदंड्यावरून संध्याकाळी अष्टमीला पोहोचलो. आई पाय धुवायला गेली आणि मामांच्या लेकीने चादर सोडली. "बाबा, उशा कशाला आणल्यास?"

"हळू बोल गो," मामा म्हणाले.

आई येण्याआधी मी चादर पुन्हा गुंडाळली. आई तर ऐकेचना; ज्याने समुद्र दाखवला, तोच गणपती यंदा घरी हवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मामा रेल्वेने जालन्याला आले, मांडीवर मूर्ती घेऊन. उंची बरोबर दोन उशांएवढी. आरतीला आई डोळे भरून मूर्तीकडे बघत होती. मी मात्र भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मामांकडे वळून हात जोडले.

ते अवघडले. हळूच म्हणाले, "देव तिकडं हाय, जावयबापू."