मागे घेतलेली साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची रीत आहे. उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "या आठवड्यात प्रभूने कुणासाठी काय केलं?" मग कुणीतरी उभं राहतं. साक्षीचा क्रम ठरलेला: आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हालेलूया. ताप उतरला, नोकरी लागली, मशीनमध्ये जाणारी बोटं वाचली. ज्यांची बोटं गेली ते उभे राहत नाहीत आणि त्यांना कुणी विचारतही नाही. हे मला खटकायचं. पण खटकणाऱ्या गोष्टींची माझी यादी मोठी आहे आणि ही बाब त्यात बरीच खाली होती.

मी मूळची जालन्याकडची. आजोबांच्या वेळेपासून आमचं घर ख्रिस्ती. लग्न होऊन सुरतेला आले. पांडेसऱ्यातल्या एका रंगाई मिलमध्ये स्टोअर सांभाळते. नवरा पलसाण्याच्या बाजूला एका मिलच्या फोल्डिंग खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामावर आहे. घर नवागामकडे, खाडीच्या अंगाला; इथे शहरातून वाहणाऱ्या मोठ्या नाल्यांना खाडी म्हणतात. आमच्या भिंतीला भिंत लागून खानदेशातलं एक जोडपं राहायचं. मूलबाळ नव्हतं, दोघंच. तो लूमवर कापड विणायचा, ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची.

सुरतेला पूर दोन प्रकारचे. तापीचा पूर सांगून येतो. धरणातून पाणी सोडलं की भोंगे वाजतात, रिक्षा फिरते. खाडीचा पूर सांगत नाही. त्या दिवशी सकाळी पाणी दाराशी आलं तेव्हा जी माणसं कामावर होती ती कामावरच अडकली. शेजारीण घरी एकटी होती. माझा नवरा दुसऱ्या पाळीचा, म्हणून घरी. मी लगेच कामाला लागले. आधी कागदपत्रं, मग गॅसची टाकी, मग धान्य, मग गाद्या. गल्लीच्या टोकाला एका दुमजली घराचा लोखंडी जिना आहे. वरच्या भाडेकरूंनी गॅलरी मोकळी करून दिली. आमचं आवरल्यावर आम्ही तिचं घर आवरायला घेतलं.

"ताई, भांडा राहू द्या," ती म्हणाली. "आधी साड्या. ह्या भिजन्या ना, ते शेठ मनी चामडी काढीसन तिले खडा लाई."

आम्ही दोघी गठ्ठे काढत होतो, माझा नवरा जिन्यावर उभा राहून वर देत होता. शेवटचे दोन गठ्ठे घेऊन आम्ही गल्लीत उतरलो आणि वरच्या अंगाची भिंत गेली.

ती एका बंद मिलच्या आवाराची भिंत. पाणी तिच्यामागे सकाळपासून साचत होतं. ती कोसळली असं नंतर सगळे म्हणायचे. मी पाहिलं ते वेगळं होतं. ती फुटली. विटा पाण्याच्या आधी आल्या. एक माझ्या मांडीवर बसली, एक पानवाल्याच्या टपरीतून आरपार गेली. मागून पाणी, पाण्यात मोटरसायकल, रंगाचे निळे पिंप, दोरीला बांधलेली शेळी. छपराचा एक पत्रा आमच्या डोक्यांवरून सुटला आणि समोरच्या दारात कुऱ्हाडीसारखा रुतला. पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखी गेली. तोंडात गेलेल्या पाण्याला रंगाची, ॲसिडची चव होती.

माझ्या नवऱ्याने डावा हात जिन्याच्या गजात अडकवला होता आणि उजवा पुढे केला होता. शेजारीण माझ्या पुढे होती. त्याच्या हाताला ती जवळ होती. मी तिच्या मागे. ती काहीतरी ओरडली. त्याचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आला आणि त्याने माझं मनगट धरलं. माझा खांदा निखळला, तो आवाज मला पाण्याच्या गर्जनेतही ऐकू आला. त्याच क्षणी एक पिंप तिच्या पाठीत बसलं. ती वाकली आणि नुसती नाहीशी झाली. गठ्ठा सुटला, साड्या पाण्यावर पसरल्या.

दुसऱ्या दिवशी नाल्याच्या पुलाखाली ती सापडली. शोधणाऱ्यांत तिचा नवरा होता, त्यालाच दिसली. केस तारांच्या जाळीत असे गुंतले होते की ते कापावे लागले. कापायचं काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पाठीला पाठ राहिली नव्हती.

अग्नी देऊन आल्यावर तो आमच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. माझ्या नवऱ्याला त्याने एकच विचारलं. "भाऊ, तिना हात लागना का तुमना हातले?"

"नाही भाऊ," माझा नवरा म्हणाला. "ती लांब होती."

तो गेला. मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. त्यानंतर रोज सकाळी शेजारी चिखल उपसताना हातातलं फावडं थांबवायचा आणि विचारायचा, "कितली लांब, भाऊ?" रोज माझा नवरा हाताने अंतर दाखवायचा आणि ते अंतर रोज थोडं वाढायचं.

रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनासभा आमच्या घरी ठेवली. प्रार्थनागृहात अजून गाळ होता, आणि ज्यांचा जीव वाचला त्यांच्या घरी उपकारस्तुती व्हावी असं ठरलं. मंडळीतली माणसं कामाला चांगली आहेत, हे आधी सांगते. त्यांनी पूर आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक घरात पाणी, औषधं, खिचडी पोचवली, घर कुणाचं हे न विचारता. शेजाऱ्यालाही त्यांनीच बोलावलं. "एकटा बसून काय करशील? ये, दोन घास खा." तो आला. उंबऱ्याशी, चपलांजवळ बसला.

माझा नवरा साक्षीला उठला. संकट सांगितलं. प्रार्थना सांगितली. मग सुटका. "माझा हात मी पुढे केला नाही," तो म्हणाला. "देवाने माझा हात धरून पुढे नेला आणि माझ्या बायकोच्या हातात दिला. आपल्या लेकरांना तो असा राखतो."

"हालेलूया!" सगळे म्हणाले. खोली लहान, आवाज मोठा.

शेजारी उठला. "आनि मनी बायको?" तो विचारत होता, शांतपणे. "ती कोनं लेकरू व्हती? तुमना देवले ती दखायनी नही का?"

मागून एक वडीलधारे समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाबा, तिने प्रभूला हाक मारली असती तर..."

वाक्य पूर्ण झालं नाही. दाराला फावडं टेकवलेलं होतं. पहिला घाव त्याने माझ्या नवऱ्याच्या डोक्यात घातला, पात्याची कड लागून कपाळापासून कानापर्यंत कातडं उघडलं. दुसरा भिंतीवर बसला, गिलावा उडाला. तिसरा तो त्या वडीलधाऱ्यांवर घालणार होता, पण तोवर पुरुष त्याच्यावर तुटून पडले होते. त्यांनी त्याला ओढत गल्लीत नेलं आणि गाळात पाडलं. नुकतेच हालेलूया म्हणालेल्या माणसांनी त्याला लाथांनी तुडवलं. तोंड चिखलात दाबलेलं, एक जण त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसलेला. "सैतान आहे, सोडू नका!" कुणीतरी ओरडत होतं. दात पडल्याचं मी पाहिलं.

माझा एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हाताने मी शेगडीवरची चहाची किटली उचलली आणि त्यांच्या पाठींवर ओतली. उकळता चहा. ते किंचाळत बाजूला झाले.

"बाई, वेड लागलं का तुम्हाला?" मानेवर बसलेला म्हणाला.

"दुसरी किटली आत आहे," मी म्हणाले.

मग कामं पटापट वाटली. दोन जण माझ्या नवऱ्याला घेऊन दवाखान्यात, दोन जण शेजाऱ्याला घेऊन त्याच दवाखान्यात, वेगवेगळ्या रिक्षांतून. पाळकसाहेबांना मी भिंतीवरचं रक्त पुसायला लावलं. त्यांनी पुसलं. ते वाईट गृहस्थ नाहीत.

त्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, पोलिसांत द्या. हा प्रभूच्या लोकांवरचा हल्ला आहे. माझा नवरा टाके घातलेलं डोकं भिंतीला टेकवून ऐकायचा. भिंतीपलीकडे शेजारी कण्हायचा, ते आम्हाला ऐकू यायचं. आलेल्यांचं बोलणं त्याला ऐकू जात असणार. सकाळी तो काही विचारायला येईना. ते जास्त कठीण होतं.

मी माझ्यापुरतं बसून विचार केला, स्टोअरमध्ये माल वेगळा लावते तसा. खाडीत राडारोडा टाकून ती अरुंद केली, ते माणसांनी. पाण्याला वाट न ठेवता भिंत उभारली, ते माणसांनी. पाऊस पडला, तो देवाचा; पण तो सगळ्यांवर सारखा पडला. बुरूज कोसळून माणसं मेली तेव्हा प्रभूने लोकांना विचारलं होतं की मेलेले तुमच्यापेक्षा पापी होते असं वाटतं का, आणि उत्तरही त्यानेच दिलं होतं, नाही म्हणून. हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग आमच्याच घरात, आमच्या गल्लीतली भिंत पडल्यावर, आम्ही ते का विसरलो? बरंचसं मला लावता आलं. एक गोष्ट कुठल्याच कप्प्यात बसेना. मी का आणि ती का नाही. तिथे मी देवाला सरळ विचारलं. अजून विचारते. क्रुसावर त्याच्या पुत्रानेही 'का' विचारलं होतं, आणि त्यालाही तेव्हा उत्तर आलं नव्हतं. एवढ्यावर मी टिकून आहे.

"तुम्ही त्याला खरं सांगा," मी नवऱ्याला म्हणाले.

"तो मला मारून टाकील."

"टाकेलही."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारण्याआधीच एकाने सुचवलं, आज फावड्याखालून वाचलेल्या भावाची साक्ष होऊ द्या. सगळे आमच्याकडे वळले. माझा नवरा उठला. "गेल्या रविवारची माझी साक्ष मी मागे घेतो," तो म्हणाला.

आमच्याकडे साक्ष कुणी मागे घेतल्याचं माझ्या आठवणीत नाही. त्यासाठी काही म्हणायची पद्धतच नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"ती जवळ होती. माझा हात तिला पुरत होता. मी तिला ओलांडून माझ्या बायकोला धरलं. देवाने निवड केली नाही. मी केली."

"देवाला दोष देतोस?" तेच वडीलधारे म्हणाले. त्यांच्या पाठीवर भाजल्याचे डाग होते, शर्ट चिकटू नये म्हणून ते पुढे वाकून बसले होते.

"नाही. मी केलेल्यावरून त्याचं नाव काढून घेतोय."

हालेलूया कुणी म्हणालं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "हे इथे सांगून उपयोग नाही, भाऊ. जिथे सांगायचं तिथे जा." त्यांनी आशीर्वाद देऊन उपासना संपवली. पोलिसांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आम्ही तिथूनच गेलो. शेजारी जमिनीवर बसला होता, तोंड सुजलेलं, एक डोळा बंद. माझा नवरा त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने तीच वाक्यं सांगितली, कमी केली नाहीत, वाढवली नाहीत. मी दारात उभी होते. मध्ये पडायचं नाही असं मी ठरवून आले होते.

तो उठला. त्याने माझ्या नवऱ्याच्या तोंडात मारली, टाक्यांच्या बाजूने. टाका तुटला, रक्त गालावरून गळ्यात उतरलं. माझा नवरा हलला नाही. शेजाऱ्याने पुन्हा हात उचलला. तो हात वरच थांबला.

"काय बोलनी ती?" त्याने विचारलं. "वरडनी व्हती ना? काय बोलनी?"

"म्हणाली, मना हात धर ना रे मुडद्या."

शेजाऱ्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसणं म्हणावं तर ते हसणं नव्हतं. "मुडद्या म्हने," तो म्हणाला. "ती तीच व्हती मंग." त्यालाही ती असंच म्हणायची, भिंतीपलीकडून आम्ही ऐकायचो; पाण्याने आणून दिलं ते त्याच्यासाठी आतापर्यंत नुसतं मढं होतं. आता तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून मोठ्याने रडला, पहिल्यांदाच. माझा नवराही खाली बसला, जवळ नाही, भिंतीला टेकून. मी घरून कापूस आणि पट्टी आणली. रक्त थांबायला वेळ लागला.

आम्ही निघताना शेजारी मान वर न करता म्हणाला, "परवा तिनी गंधमुक्ती शे. येवानं व्हई ते या. पन तुमना देवनं नाव काढानं नही."

आमच्यातल्या काहींनी नको म्हटलं. गंधमुक्ती म्हणजे मेलेल्याचं दिवसकार्य; तिथे भात ठेवतात, पाणी सोडतात, विश्वासी माणसाने जाऊ नये. आम्ही गेलो. भाऊबंद गावाकडून आले होते, अंगणात बसायला जागा नव्हती. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरची पट्टी बघून एकाने विचारलं, हा कोण? शेजाऱ्याने सांगितलं, "शेजारी." दुसरं काही सांगितलं नाही. वाढायला हात कमी पडत होते, म्हणून मी माझ्या चांगल्या हाताने वरणाची बादली घेतली आणि पंगतीत फिरले. देवाचं नाव आम्ही काढलं नाही.