मानपाडा नाक्यावरचा न्यूट्रिनो

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा, उगाच चहा सांडेल. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्या तिळाने माझ्याच पोरीचा घात केला हो!

आमची सायली पुण्याला रेडिओ दुर्बिणीवर संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी घरी आलेली. जेवता जेवता फोन बघितला आणि सुरमई ताटात टाकून उठलीच.

"बाबा, दक्षिण ध्रुवावर बर्फात यंत्रं पुरलीयत ना, तिथे एक न्यूट्रिनो सापडलेला. एवढासा कण, पण इतका जोरदार, की खूप लांबून आलेला असणार."

"कुठून?"

"तेच तर शोधतोय! दिशा साधारण कळते. तिकडे आमची दुर्बीण वळवली, तर एक आकाशगंगा रेडिओ लहरींत एकदम तेजाळलेली दिसतेय. कदाचित तीच असेल. पण नक्की नाही हां, अजून बघायचंय. कुणाला बोलू नकोस. टीममध्ये मी नवीन आहे."

"छे गं! मी कशाला बोलतोय?"

संध्याकाळी दूध आणायला गेलो, तर मंडळाचा नितीन भेटला. "काय काका, आज एकदम खुशीत?"

झालं! 'कदाचित' कुठे सांडलं, कळलंच नाही.

"कुणाला सांगू नकोस नित्या, आमच्या सायलीने न्यूट्रिनोचं घर शोधलं!"

"काय बोलता काका! लगेच फ्लेक्स लावतो. फोटो पाठवा."

निदान इथे तरी माणसाने थांबावं की नाही? मी दोन फोटो पाठवले. एक तिचा, एक माझा.

दोन दिवसांत मानपाडा नाक्यावर हा भलामोठा फ्लेक्स! वर नगरसेवक हात जोडून, खाली मंडळाची पोरं गॉगल लावून, 'विश्वाचं कोडं सोडवणारी डोंबिवलीची कन्या'. आणि कन्येपेक्षा मोठा कन्येचा बाप!

कुणीतरी त्याचा फोटो फिरवला. तो फिरत फिरत सायलीच्या सरांपर्यंत गेला.

"बाबा, मंडळाला कुणी सांगितलं?"

मी चपला शोधायला लागलो.

"सर विचारतायत, टीमने हे जाहीर कधी केलं? काय सांगू त्यांना?"

मी धावत नितीनकडे. "अरे, उतरव तो!"

"काका, वर साहेबांचा फोटो आहे. दसऱ्याआधी हात कोण लावणार?"

पुढे जुनी निरीक्षणं तपासली, तर ती आकाशगंगा मधूनमधून अशीच तेजाळते म्हणे, न्यूट्रिनो येवो न येवो. म्हणजे शोधही नाही. आणि सरांनी सायलीला पुढच्या कामातून बाजूला ठेवलं. फ्लेक्स मात्र दसऱ्यापर्यंत दिमाखात.

पोरगी भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे बाबा." फार वाईट वाटलं हो. अजून वाटतं. तेव्हापासून फोनवर माझी बीपीची गोळी आणि पुण्याचं हवामान, यापलीकडे विषय नाही.

परवा शेजारचे जोशी पेपर नाचवत आले. "अभिनंदन! सायली पुन्हा त्या कामावर होती? न्यूट्रिनो कुठून येतात त्याचे भक्कम पुरावे मिळालेत म्हणे, तिचं नाव छापलंय! आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत?"

मी पेपर घेतला. सायलीचं नाव दोनदा वाचलं. डोळे भरून आले, ते आनंदाने की कशाने, देव जाणे.

"गुपित होतं ना जोशी," मी म्हटलं.

"कमाल आहे तुमची! पोटात ठेवलंत?"

ठेवलं की! जन्मात पहिल्यांदा मी गुपित पाळलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं ना!