चुण्यांची नक्षी

आमच्या थोरल्या जाऊबाई आयुष्यात कधी चुकलेल्या नाहीत. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणतात; आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायची घरात कुणाची प्राज्ञा नाही. पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडून त्या लोकांच्या रजया शिवून देतात. गिऱ्हाइकं वरचं तुकड्यांचं कापड जोडून आणतात, ह्या त्याखाली भरण आणि अस्तर घालून तिन्हींवर टिपा मारतात. काम येतं का? येतं. पण चुकलेली टीप उसवायची म्हटलं की ह्यांच्या कपाळावर आठ्या. उसवली तर ती चुकली होती असं कबूल केल्यासारखं होतं ना! म्हणून त्यांनी युक्ती काढली आहे. एका जागी चुकलं की तीच चूक पट्टीने मापून आणखी दहा जागी करायची. "एकदा केली तर चूक, दहादा केली की नक्षी," असं त्या मला शिकवतात, आणि वर अशा बघतात की जणू मी टाळ्या वाजवायला विसरले आहे.

गल्लीत त्यांना नक्षीवाल्या बाई म्हणतात. बरेच जण तर कौतुकाने म्हणतात. गाढवाला गुळाची चव काय!

दातांच्या डॉक्टरांच्या बायकोचीच गोष्ट घ्या. मोठ्या रजईचा एक ताप असतो. ती मशीनच्या सुईशेजारच्या फटीत मावत नाही, गुंडाळी करून कोंबावी लागते आणि उरलेलं धूड टेबलाखाली लोंबतं. त्या वजनाने टीप वाकडी ओढली जाते, म्हणून पलीकडून कुणीतरी ते उचलून धरावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मी जरा दार उघडायला गेले आणि तेवढ्यात रजईचा एक कोपरा खाली दुमडला जाऊन रजईलाच शिवला गेला. दुसरं कुणी असतं तर कपाळावर हात मारून उसवत बसलं असतं. ह्यांनी उरलेले तीन कोपरे दुमडून शिवले आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "थंडीत पाय घालायला खिसे आहेत." त्या बाईने नंतर आपल्या बहिणीची रजई पाठवली, खिशांसकट शिवा म्हणून. माणसांच्या अकलेवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

ही कला रजयांपुरती राहिली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण जाऊबाईंना दोन मुली आहेत.

मोठीचं लग्न त्यांनी स्वतः जमवलं. मुलाकडच्यांचं फरश्यांचं मोठं दुकान. ह्या त्यांचं घर बघून आल्या आणि दोन फरश्यांमधली सांध पायाला लागतसुद्धा नाही म्हणून हरखून गेल्या. फरशी बघितली, मुलगा बघायचा राहिला. जावई हात उगारत नाही, शिवी देत नाही. तो बोलतच नाही. मनासारखं झालं नाही की पंधरा-पंधरा दिवस बायकोशी अबोला, आणि ती बाहेर जाऊन आली की तिची पिशवी टेबलावर उपडी करून एकेक वस्तू बघायची, तीही तोंडातून शब्द न काढता. आमची मोठी म्हणजे पूर्वी घरभर चिवचिवणारी पोर. आता माहेरी आली तरी पाण्याचा पेला उचलण्याआधी विचारते, "घेऊ का?" मला तेव्हा कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटतं.

एकदा ती बॅग भरून आलीही होती. जाऊबाईंनी तिला जेवायला घातलं आणि परत पाठवलं. "शांत स्वभाव आहे त्याचा. तूच जरा कमी बोलत जा." भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, कुठल्याही गोष्टीवर मत विचारलं की ते चष्मा पुसायला घेतात. त्या दिवशी काच झिजेल एवढा पुसला.

आणि आता जाऊबाईंनी धाकटीला त्याच घरात द्यायचं काढलं होतं, जावयाच्या धाकट्या भावाला. तोही भावासारखाच, तोंड शिवल्यासारखा. "दोघी बहिणी एका घरात, एकमेकींना सोबत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होत्या. मी एवढी वर्षं त्यांच्या रजया धरल्यात, मला कळायला वेळ लागला नाही. एक मुलगी फसली तर लोक आईला नावं ठेवतात. दोन्ही त्याच घरात दिल्या की म्हणतात, घर चांगलंच असणार, नाहीतर दुसरी कोण देईल? शनिवारी ती माणसं शब्द घ्यायला येणार होती. धाकटी बिचारी आईच्या धाकात वाढलेली. शनिवार गेला असता तर तीही गेली असती.

धाकटीला द्यायची म्हणून जाऊबाईंनी आजवरची सगळ्यात मोठी रजई शिवायला घेतली. मदतीला मोठीला बोलावलं होतं. जावयाने कसं कोण जाणे, सोडलं होतं. मी नेहमीसारखी पलीकडून वजन धरून उभी, मोठी टाचण्या काढत होती. मधला भाग झाल्यावर जाऊबाईंनी रजई उलटी केली, तर अस्तराला वीतभर लांब चुणी. अस्तर आधी ताणून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. "तू मला शिकवणार?" असं उत्तर मिळालं होतं.

चुणीकडे बघून जाऊबाईंचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी पट्टी घेतली आणि शेजारी तेवढ्याच अंतरावर अस्तराला दुसरी चुणी घालायला लागल्या.

"आई, उसव ते," मोठी म्हणाली.

"काही उसवायचं नाही. कापडाला भोकं राहतात."

"नखाने घासलं, एकदा धुतलं की बुजतात. तू कधी उसवलं असतंस तर तुला माहीत असतं."

एवढं मोठं वाक्य तिच्या तोंडून मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. तिने डब्यातून टाके उसवायची छोटी सुरी काढली. नवीकोरी होती, तिचं टोपणसुद्धा निघालेलं नव्हतं. रजई मांडीवर ओढून ती मागच्या बाजूने दर तीन-चार टाक्यांनी दोरा कापत गेली, मग उलटून वरचा दोरा ओढला. तो अख्खा सरळ निघून आला. धाकटी खाली बसून दोऱ्याचे तुकडे गोळा करायला लागली. गोळा करता करता तिने विचारलं, "ताई, खरं सांग. मी येऊ का त्या घरात?"

"हा काय प्रश्न झाला?" जाऊबाई कडाडल्या. "ठरलंय ते."

मोठीचा हात थांबला नाही. "तू यावंस असं मला रोज वाटतं," ती म्हणाली. "रोज. बोलायला कुणीतरी असेल. पिशवी उपडी करतो तेव्हा निदान तुझ्याकडे बघता येईल." आणि मग मान खाली घालूनच, "म्हणून तर सांगते, येऊ नकोस."

मी काही ऊठसूट रडणाऱ्यातली नाही. पण माझ्या हातातली रजई मला जड झाली.

आणि जाऊबाईंना ह्यातलं ऐकू काय आलं? "म्हणजे मी चुकले म्हणायचंय तुला?" पोटची पोर समोर वाळून चालली आहे, आणि बाईंना चिंता स्वतःच्या नाकाची!

"हो," मोठी म्हणाली. "चुकलीस."

"मी नाही जाणार तिथे," धाकटी म्हणाली. आईकडे न बघता का होईना, पण म्हणाली.

जाऊबाई लालबुंद झाल्या. दोघींकडे आळीपाळीने बघितलं, माझ्याकडेही बघितलं. मी नजर काढून घेतली नाही. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि फरशीवाल्यांना मधाळ आवाजात सांगितलं की मुलीला एवढ्यात लग्न करायचं नाहीये, आजकालच्या मुली, काय करणार. चूक झाली ती मुलींच्या पिढीची! फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि मोठीकडे वळल्या. "तिचं सुटलं. तुझं आता जे आहे ते आहे. आवर, तिकडे वाट बघत असतील. अहो, गाडी काढा, हिला सोडून या."

आणि ती वेडी पोर उठली! सुरीला टोपण लावलं, जागेवर ठेवली आणि बॅग घ्यायला आत गेली. सांगितलं की ऐकायचं, ही सवय ह्याच घरात लागली होती तिला. मला जाऊबाईंची इतकी किळस कधी आली नव्हती.

ती बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा भाऊजी दारात उभे होते. ह्या वेळी चष्मा नाकावरच होता.

"किल्ली सापडत नाहीये," ते म्हणाले.

किल्ली त्यांच्या मुठीत होती. तिची कडी बोटांतून बाहेर आलेली आम्हा चौघींनाही दिसत होती. जन्मात एकदा हिंमत केली या माणसाने, आणि तीही खोटं बोलून! मूठ मात्र त्यांनी उघडली नाही.

जाऊबाई त्या मुठीकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते, आता ओरडतील, आता हिसकावून घेतील.

"नीट शोधा," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

मोठीने बॅग खाली ठेवली.