विहिरीचं तोंड धरणारे नाना

फिटर नाना डोळ्यांनी कमी आणि तळहाताने जास्त बघत. बंद दार, सायकलची ट्यूब, शेजाऱ्यांची म्हैस, आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब, काहीही समोर आलं की आधी त्यावर हात ठेवायचे, क्षणभर थांबायचे, आणि मगच बोलायचे. लग्न होऊन मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात आले तेव्हा माझी परीक्षाही त्यांनी अशीच घेतली. मी कणीक मळून परातीत ठेवली होती. जाता जाता त्यांनी गोळ्यावर तळहात दाबला आणि म्हणाले, "आजून मळ, पोर. हाई आयकत नही."

पीठ ऐकत नाही म्हणजे काय, असं मी मनात म्हटलं. मी धुळ्याची, मराठी सातवी पास. त्या वेळी आमच्या गल्लीत तेवढं शिकलेली मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. मी हट्टाने तशाच पोळ्या लाटल्या. त्या संध्याकाळी आमच्या घरात जे वाढलं गेलं त्याला पोळी म्हणायचं धाडस फक्त माझ्या नवऱ्याने केलं, तेही नवा नवरा होता म्हणून. आमच्या कुटुंबात गोष्टी सांगायचं काम पुढे माझ्याकडे आलं, त्याचं खरं कारण हेच आहे. स्वयंपाकाचं काम माझ्याकडे ठेवायला कोणी तयार नव्हतं.

नाना माझे चुलत सासरे. मूळचे पिंपळनेरचे. तरुणपणी भुसावळच्या इंजिनांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, आणि तिथून कोणा साहेबाने त्यांच्या हातातलं कसब बघून त्यांना थेट आसामात नेलं. तिथे जमिनीतून तेल काढण्यासाठी खोल विहिरी पाडत. दर दोन वर्षांनी नाना चैत्रात सुट्टीवर यायचे आणि मृग लागायच्या आत कलकत्त्याच्या गाडीत बसायचे. त्यांची बायको, आमच्या अक्का, आमच्याकडेच राहत. मूलबाळ नव्हतं. बावीस वर्षांत नवऱ्याचा सहवास सगळा मिळून दोन-अडीच वर्षांचा. अक्का म्हणत, "मना नवरा पाव्हना शे. जेवाले बसाडा, की गाडीनं टाइम व्हस."

आसामात नाना नेमकं काय करतात हे घरात कोणालाच धड माहीत नव्हतं. माझ्या लग्नानंतरच्या त्यांच्या दुसऱ्या सुट्टीत मी धीर करून विचारलं. तेव्हा मी ताक घुसळत होते. नाना समोर येऊन बसले आणि म्हणाले, "तू जे करी ऱ्हायनी, तेच." मग समजावून सांगितलं. रवी फिरते तसा तिथे एक लांबच लांब लोखंडी नळ गरगर फिरतो आणि जमिनीत भोक पाडत खाली जातो. ताकासारखा पातळ चिखल त्या नळातून खाली सोडतात, तो बाजूने वर येतो आणि खोदलेला चुरा घेऊन येतो. पण खाली तेल असतं, वायू असतो, आणि त्याचा जोर एकदम वर आला तर चिखल, नळ, माणसं सगळं आभाळात. म्हणून विहिरीच्या तोंडावर एक मोठा वाल बसवलेला असतो. नाना व्हॉल्व्हला वाल म्हणत. त्याला दोन बाजूंनी दोन जबडे, जबड्यांना रबर, आणि दूर उभं राहून फिरवायला दोन चाकं. विहीर उसळायला लागली की चाकं फिरवायची, जबडे दोन्हीकडून येऊन मधला नळ घट्ट धरतात, आणि विहिरीचं तोंड बंद.

"आशे," म्हणून त्यांनी माझ्या रवीला दोन्ही तळव्यांनी मिठी मारली. मी शिकलेली बाई, प्रयोग पुरा करावा म्हणून दोरी जोरात ओढली. ताक छतापर्यंत गेलं. अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि नानांना म्हणाल्या, "तठे इतला वरीस विहिरी धऱ्यात, आनि आठे तुमले एक मडकं धराता उनं नही?"

वाल असो की पाण्याचा नळ, तो उघडायची त्यांची एक पद्धत होती. पूर्ण उघडायचा आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा. आमच्या क्वार्टरातल्या एकुलत्या एक नळालाही ते हाच मान देत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पुरा उघडीसन ठेवा, की चाक अडकी जास. मंग दुसरा माणूस येस, त्याले वाटस हाई बंद शे, आनि तो उलटा जोर करस. आपलामागे कोन येवाव शे, त्यानं ध्यान ठेवो." पुढे कधीही नळ उघडताना माझा हात आपोआप पाव फेरा मागे येऊ लागला. माझी मुलं याला आईचं खूळ म्हणतात.

नानांची खरी थोरवी मला त्यांच्याकडून कळलीच नाही. ती सांगितली गणपतने. गणपत हा नागपूरकडचा फिटर, तिथल्या कामावर नानांच्या हाताखालचा. एकदा गावी जाताना तो मुद्दाम वाट वाकडी करून भुसावळला आमच्याकडे उतरला. अक्कांनी शेवभाजी केली होती. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो म्हणाला, "नाना, विहिरीपेक्षा हे जास्त उसळते ना!" जेवता जेवता त्याने सांगितलं, की एका सकाळी चिखल आपोआप वर चढायला लागला. पंप बंद, तरी चिखल थांबेना. विहिरीवर उभारलेल्या लोखंडी मनोऱ्यावरची माणसं ओरडत पळाली.

"मी बी पळालो, खोटं कशाला बोलू," गणपत म्हणाला. "मागं वळून पाहतो तर हे चालत चाल्लेत. देवळात चालते तसे! यंत्रवाला तेवढा जागेवर होता, त्याला हात करून म्हणाले, नळ दोन हात वर घे. काऊन? तर नळाचा जाड सांधा वालच्या जबड्यात आला होता, तो तसाच राहिला असता तर जबडा लागलाच नसता. मग चाक फिरवलं. फिरवता फिरवता मधीच थांबले. चिखल अजून गळूनच राहिला होता. मी ओरडलो, नाना, अजून घुमवा ना! तर म्हणतात, बस, धरलं त्यानं. आन् खरंच, घडीभरानं गळणं बंद झालं. अजून घुमवलं असतं तर रबर फाटलं असतं, आन् आम्ही सातही जण गेलो असतो."

"पन तुमाले कसं समजलं, कुठं थांबायचं?" माझ्या नवऱ्याने विचारलं. नवरा रेल्वेत कारकून, त्याला प्रत्येक गोष्टीचा नियम लागे.

नानांनी ताटातला हात वर करून तळवा दाखवला. "याले समजस. माले नही."

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी नाना सुट्टीवर आले ते उजव्या मनगटावर एक जाड व्रण घेऊन. थंडीत नळ पकडायचा मोठा चिमटा निसटून लागला होता, म्हणाले. बरं झालं आता. आम्ही विश्वास ठेवला. माणूस पूर्वीसारखाच होता, सगळ्यांवर हात ठेवत फिरणारा.

एका सकाळी मी बंबात कोळसे घातले होते. पाणी कढत होतं. नाना आले, सवयीप्रमाणे बंबाच्या पोटावर उजवा तळवा ठेवला आणि म्हणाले, "गार शे आजून."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हात तसाच बंबावर होता. मला वास आला तेव्हा मी पदर-बिदर विसरून त्यांचं मनगट धरलं आणि खेचलं. तळवा लाल झाला होता, कातडी सुटायला लागली होती. त्यांनी स्वतःचा हात असा पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

"कोनले सांगजो नको," ते म्हणाले.

मी सांगितलं नाही. उलट अक्कांना म्हटलं, माझ्या हातून कढत पाणी सांडलं नानांच्या हातावर. माझा वेंधळेपणा घरात इतका मान्य होता, की कोणी दुसरा प्रश्नही विचारला नाही. अक्कांनी मला चार दिवस चुलीजवळ येऊ दिलं नाही, हा त्यातला फायदा.

पण नानांच्या जाण्याला तीन आठवडे राहिले होते. तिकडे साहेब काही हात तपासणार नव्हता. बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर मनोरा चालला, त्याला कोण विचारणार? ही गोष्ट माहीत होती फक्त त्यांना आणि मला, आणि मी सातवी पास असूनही काय करावं हे मला कळत नव्हतं. नाना रोज दुपारी, घर निजलं की, नळापाशी जाऊन डोळे मिटून चाक फिरवत. हाताची जाण परत येते का ते बघत होते.

शेवटी एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "पोर, मना डोळा बांध. मी बंद करस. पानी बंद व्हयनं की मी सोताच थांबसू. तू काहीच बोलू नको."

मी त्यांचाच रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. त्यांनी नळ सोडला आणि सावकाश बंद करू लागले. धार बारीक झाली. थेंब झाले. थेंब थांबले. नानांचा हात मात्र थांबला नाही. मी ओठ चावून उभी होते. अजून अर्धा फेरा, अजून एक. आतून कट्‌ असा आवाज आला आणि पाणी पुन्हा सुरू झालं, या वेळी चारी बाजूंनी. माझं लुगडं, नानांचं धोतर, अंगणातले पापड, सगळं भिजलं. पापड अक्कांचे होते.

नानांनी रुमाल काढला. बाहेरचा मोठा कॉक बंद केला, नळ खोलला आणि आतली चामड्याची चकती काढली. ती मधोमध चिरली होती. पायरीवर बसून त्यांनी ती बराच वेळ डाव्या हातात धरली.

"तठे याना भरोसावर सात माणसं उभा ऱ्हातस," ते म्हणाले. "आनि मी इतला दिन मालेच फसवी ऱ्हायनू."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. बहुतेक सगळंच, कारण मी सांडलेल्या पाण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता हे मला नंतर कळलं. नवरा कायमचा घरी राहावा म्हणून या बाईने बावीस वर्षं वाट पाहिली होती. मला वाटलं, आता तरी तिचा चेहरा फुलेल. अक्का नानांच्या शेजारी, त्याच ओल्या पायरीवर येऊन बसल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "गणपतले जमी का?"

"शिकाडं तर जमी," नाना म्हणाले.

"मंग शिकाडा."

नानांच्या वतीने साहेबाला इंग्रजी पत्र माझ्या नवऱ्याने लिहिलं. माझा उजवा हात कामाचा राहिलेला नाही, माझ्या जागी गणपतला घ्यावं, एवढंच. "आजारपणामुळे असं लिहू का? मान राहील," त्याने विचारलं. नाना म्हणाले, "हातनं लिख. आजार बरा व्हई जास. मंग साहेब मनी वाट देखी, आनि गणपतले चाक देवाव नही."

गणपतचं पत्र मात्र मराठीत, आणि ते माझ्याकडे आलं. माझ्या शिक्षणाचं चीज होण्याची ही पहिलीच संधी. मी नवा टाक घेतला आणि सुरुवात केली, "कृतानेक नमस्कार विनंती विशेष, आपल्या कृपाछत्राखाली..."

"काय लिखी ऱ्हायनी?" नानांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याले वाल बंद करना शे, कीर्तन नही." मी कागद फाडला.

तीन दिवस आम्ही लिहीत होतो. तीन मनोरे, तीन वाल, सहा चाकं. प्रत्येक चाकाचं वेगळं. पहिल्या मनोऱ्याचं डावं चाक नऊ फेऱ्यांत धरतं, दहावा फेरा देऊ नये. उजवं सकाळी जड असतं, ते जड लागलं म्हणजे बंद झालं असं समजू नये. दुसऱ्याचं चाक उघडताना आधी थोडं उलट येतं. जबडा लावण्याआधी सांधा कुठे आहे ते बघणे. लवकर करणे, पण पळू नये, पळणाऱ्याचा हात खोटं बोलतो. नाना बोलत होते तेव्हा त्यांची दोन्ही मनगटं हवेत फिरत होती. प्रत्येक चाकापाशी ते नेमके जिथे थांबायचे, तिथे मी फेऱ्यांचा आकडा लिहायची. मधूनच ते गप्प होत आणि मी मान वर करून बघत नसे. माझ्या आयुष्यातला तो एकच शहाणपणा. पत्राची एक नक्कल घरी ठेवायची, असं नानांनी सांगितलं. चौदा पानं झाली. मी ती दोनदा लिहिली.

मृग लागला. कलकत्त्याची गाडी नेहमीच्या वेळी गेली. त्या दुपारी नाना जेवायला बसले तेव्हा अक्कांनी विचारलं, "आनखी भाकर?" आणि नानांनी घड्याळाकडे न बघता "दे" म्हटलं. मला वाटतं, त्या घरात तेवढाच उत्सव झाला.

गणपतचं उत्तर यायला दिवाळी उजाडली. एकच पान, अक्षर माझ्यापेक्षा वाईट. नानांना खाटेवर बसवून मी मोठ्याने वाचलं. सगळे खुशाल आहेत. साहेबाने चाक त्याला दिलं आहे. पत्र तो रोज कामावर नेतो. आणि शेवटी दोन ओळी: 'नानांनी रागावू नये. पहिल्या मनोऱ्याचं डावं चाक नऊ फेऱ्यांवर धरते असं लिहिलं आहे, पण आता रबर नवं घातलं, तर आठव्यालाच धरते. मी स्वतः फिरवून पाहिलं.'

मी घाबरून थांबले. बावीस वर्षांच्या माणसाची चूक कालच्या पोराने काढली होती. नानांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "परत वाच. शेवटलं."

मी परत वाचलं. 'मी स्वतः फिरवून पाहिलं.'

"आपली नक्कल आन," नाना म्हणाले.

मी ट्रंकेतून चौदा पानं काढून आणली. पहिलं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी टाक शाईत बुडवला, नऊ खोडलं आणि आठ लिहिलं. नानांनी ते नीट पाहिलं.

"आते बरोबर शे," ते म्हणाले, आणि चहा मागितला.