भट्टीतलं मीठ

माजलगावच्या एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय माझाच प्रवास: मटेरियल सायन्सकडून बायोटेक्नॉलॉजीकडे. या प्रवासाचं कारण मी बावीस वर्षं खोटं सांगत आलो. जिवंत पेशींचं कुतूहल, वगैरे.

खरं असं. मोडलेल्या हाडात भरायचा एक सिरॅमिक पदार्थ मी भट्टीत भाजून तयार केला होता. माझ्या मार्गदर्शकांनी तो स्वतःच्या नावावर छापला. माझं नाव आभारातही नव्हतं. विचारायला गेलो तर म्हणाले, "मेंढरं वळणाऱ्याच्या पोराला प्रयोगशाळेत घेतलं, ते काय कमी हाय बे?"

वडील दिंद्रुडच्या शिवारात मेंढरं वळायचे. मला ते बोलणं सोसवलं नाही.

दर सोमवारी मी भट्टीत चिमूटभर मीठ ठेवायचो. मीठ ठरलेल्या तापमानालाच वितळतं, त्यावरून भट्टीवर दिसणारा तापमानाचा आकडा खरा की खोटा ते कळतं. "स्वैपाक करायलास का बे?" म्हणून सर हसायचे. दुसरं कुणी ही तपासणी करत नव्हतं. प्रयोगशाळा सोडायच्या दिवशी मी भट्टीचा आकडा चाळीस अंशांनी फुगवला. आत उष्णता कमी, दाखवायचं जास्त. सरांचा पदार्थ सरांच्याच हातात कुस्करावा, एवढंच हवं होतं. गावी येताना एसटीत मला गाढ झोप लागली.

पुढे सर कुठे समोर येऊ नयेत म्हणून ती शाखाच सोडली आणि पेशी वाढवायला शिकलो. तिथं नाव झालं.

व्याख्यानाआधी स्टाफरूममध्ये चहा देताना तिथल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "तुमच्यानंतर मी त्याच प्रयोगशाळेत होते, सर."

त्या शिरूर कासारच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे. प्रयोगशाळेत दोन वर्षं त्यांच्या प्रत्येक नमुन्याचा चुरा झाला.

"मग जुन्या वहीत तुमची मिठाची नोंद दिसली. मीठ ठेवून बघितलं, तर भट्टी खोटी. सरांना सांगितलं तर म्हणले, आकडा तूच बदललास. काढून टाकलं मला."

"आणि सरांचं काय झालं?" माझा पहिला प्रश्न हा होता. त्यांच्याबद्दल नव्हता.

"त्यांना काय होतंय? थाटात रिटायर झाले. पण ज्यानं हे केलं तो सापडू द्या. मी लई वाईट हाय."

"मी केलं," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. "कावून?"

सगळं सांगितलं. मेंढरांचंही.

"त्यांच्या तोंडावर बोलायचं होतं की. भट्टीत तर माझं भाजत होतं."

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात आडवा केला. "ती माझ्याजवळ न्हाई. पोरं बसलीत हॉलमध्ये. तुमी हे समदं तिथं सांगा."

स्टेजवर त्यांनी माझे पुरस्कार वाचून दाखवले, एकही गाळला नाही. "विषय का बदलला, ते सर आता स्वतः सांगतील," म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत माझ्या बरोबर समोर बसल्या.

सरांवरच्या रागाचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते गिळून मी भट्टीच्या आकड्यापासून सुरुवात केली.